ओढणीवरची सावर

नेरच्या बाजारगल्लीत जलाल गादीवाल्याचं दुकान शोधायला पत्ता लागत नाही. खोकला ऐकायचा आणि त्या दिशेनं चालू लागायचं. पुढे पत्र्याची पडवी, आत कापूस पिंजायचं मशीन आणि मधे पांढऱ्या धुळीत बसलेला हा माणूस, भुवयांपर्यंत कापूस चढलेला. कोणी जुनी गादी घेऊन आलं की तो आधी ती हुंगणार. मग एका कोपऱ्याची शिवण उसवून चिमूटभर कापूस बाहेर ओढणार, उजेडात धरणार आणि गिऱ्हाइकाला विचारणार, "ही गादी कोणी भरून देली होती? यात अर्धा कचरा हाय."

बहुतेकदा कचरा निघायचाच. तिथंच तर सगळा घोटाळा झाला. ज्याचा शक बहुतेकदा खरा निघतो, त्याला बाकीच्या वेळी समजावणार कोण?

शक काही त्यानं आईच्या पोटातून आणला नव्हता. धंद्यानं दिला. जलाल लहानपणी बापामागं गावोगाव हिंडला. बापाच्या खांद्यावर कापूस पिंजायची धुनकी, याच्या डोक्यावर सामानाचं गाठोडं. पिंजारी दारात आला की घरधनी अंगणात कापूस ओतून द्यायचा आणि घरातलं एक माणूस राखणीला बसवायचा, कारण पिंजारी चांगला कापूस लंपास करून हलका भरतो, अशी लोकांची पक्की समजूत. मग बाप पिंजतोय आणि कोणी म्हातारी दिवसभर त्याच्या बोटांकडं पाहत बसलीय. पाणी द्यायची तेसुद्धा नजर न हलवता. अशा नजरांखाली वाढलेला माणूस मोकळाढाकळा कसा होणार, तुम्हीच सांगा. जग आपल्यावर शक घेतं तर आपणही जगाला सोडायचं नाही, हे जलालनं त्या अंगणांतच ठरवून टाकलं. मोठेपणी धुनकी गेली, मशीन आलं, स्वतःचं दुकान झालं, पण ही खोड काही गेली नाही.

दूधवाल्यावर शक, रुई देणाऱ्या व्यापाऱ्यावर शक, एसटीच्या कंडक्टरवर शक. बायको हुस्नाबी घरी बसून गाद्यांच्या खोळी शिवायची. ती एखाद्या दिवशी गुणगुणली तरी हा विचारणार, "आज काय झालं बाप्पा?" ती वैतागून म्हणायची, "तुम्ही जन्नतच्या दारातही उभे राहून विचारसान, आत कोणाकोणाले घेतलं म्हणून."

एका गोष्टीबद्दल मात्र त्याच्या मनात काडीचा शक नव्हता. मुस्कान कापसात हात घालणार नाही. एकुलती एक पोरगी. कापसानं जलालची छाती खाल्ली होती. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडावर धरून दाखवला तेव्हा त्याला त्यात काही कळलं नाही, पण डॉक्टरांचं तोंड पाहून सगळं कळलं. मुस्कान लहान असताना पिंजलेल्या ढिगात उडी मारायला धावत यायची आणि हा तिच्यावर असा ओरडायचा की शेजारचे दुकानदार बाहेर येऊन पाहायचे. पुढं ती बारावी चांगल्या मार्कांनी निघाली, यवतमाळला बी.एस्सी.ला गेली, हॉस्टेलात राहिली. जलालला वाटलं, सुटलो. मागच्या वर्षी यवतमाळच्याच शहजाद गादीवाल्याकडून मुस्कानला मागणं आलं. पोरगा चांगला, दुकान भर बाजारात, सावरीच्या कापसाच्या उश्या भरण्यात त्याचं नाव. जलालनं निरोप आणणाऱ्याला चहाही पाजला नाही. "गादीवाल्याच्या घरून काढली ती काय दुसऱ्या गादीवाल्याच्या घरी टाकायले?" असं म्हणून वाटेला लावलं.

आता मुद्द्यावर येऊ.

दिवाळीच्या सुट्टीत मुस्कान घरी आली ती निम्मी होऊन. ताटातलं चिवडायची, उठून जायची. केस गळत होते, नखं खाऊन खाऊन बोटं लाल झाली होती. विचारलं तर "डोकं दुखते" एवढंच. पुढं निकाल लागला आणि तिनं फोनवर आईला सांगितलं की दोन विषय राहिले. हुस्नाबी म्हणाली, पोरीला अभ्यासाचा ताण झाला. जलाल म्हणाला, "ताण कशाचा तेच तर पाह्यलं पायजे."

आणि एप्रिलात हीच पोरगी एका रविवारी अचानक घरी आली ती चक्क हसत. दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आईशी खिदळली, दुपारी घोरेपर्यंत झोपली. परीक्षा तोंडावर, राहिलेले विषय अजून राहिलेलेच आणि ही बया आनंदात. हुस्नाबीनं मनातल्या मनात अल्लाचे आभार मानले. जलाल मात्र लगेच हिशेब मांडू लागला. रडणाऱ्या पोरीचं कारण अभ्यास असू शकतं, पण विषय राहिलेली पोरगी हसते तिचं कारण काय असावं?

कारण त्याला दोरीवर सापडलं. मुस्कानची धुवायला काढलेली ओढणी तिथं लटकत होती आणि तिच्या काठाला पांढरा पुंजका चिकटला होता. दुसऱ्या कोणाला तो दिसलाही नसता. जलालनं तो चिमटीत धरला, फुंकर मारली. पुंजका हवेत तरंगला, खाली येईचना. शेतातला कापूस असा तरंगत नाही. ही सावर होती, झाडावरचा कापूस. या दुकानात सावर कित्येक वर्षांत आली नव्हती. मग पोरीच्या अंगावर आली कुठून? यवतमाळात सावरीचं काम कोण करतं? उत्तर तर समोर उभं होतं, भर बाजारात दुकान थाटून.

"तिले सरळ विचारा ना," हुस्नाबी म्हणाली.

"सरळ विचारलं का माणूस सरळ खोटं बोलते," जलाल म्हणाला आणि त्यानं आपल्या पद्धतीनं विचारलं. जेवताना, जणू सहज, "एकाले उश्या भरून पायजेत सावरीच्या. यवतमाळात कुठी दिसली का वं तुले सावर?"

मुस्काननं प्रश्न पुरा होऊ दिला नाही. "नाही अब्बा. मी कुठून पाहीन?" आणि पाण्याचा तांब्या भरायला उठली, तांब्या भरलेला असताना.

झालं. खोटं बोलली. जलालला त्या दिवसापासून घास गोड लागेना. तो दुपारी फोन करायचा, ती उचलायची नाही. संध्याकाळी तिचा फोन यायचा, "लायब्ररीत होती अब्बा." एकदा तिनं चुकून उचलला तर मागं पोरींच्या हसण्याचा गलका. "लायब्ररीत असे हसतात का?" "नाही अब्बा, बाहेर उभी आहो." आता बोला. पोरींचा गलका आहे म्हणजे मैत्रिणींना साक्षीला ठेवून ही शहजादच्या दुकानात बसते, असं त्यानं जुळवलं. ज्याला जुळवायचंच आहे त्याचं काय अडतं?

शेवटी त्यानं हुस्नाबीला ठणकावून सांगितलं. शक खरा निघाला तर त्याच बसनं पोरीला घरी आणायची. परीक्षा गेली खड्ड्यात, कॉलेज बंद. थोरल्या भावाचा मुलगा साद नेरातच मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, बकरी ईदनंतर त्याच्याशी निकाह लावून मोकळं व्हायचं. हुस्नाबी रडली. म्हणाली, "तिची दोन वर्षं पाण्यात घालू नका हो." जलाल म्हणाला, "मले तरी कुठं हौस आहे?" आणि हे मात्र त्यानं खरं सांगितलं. पोरीचं कॉलेज म्हणजे त्याच्या सगळ्या खोकल्याचं मोल होतं. ते मोडायला निघाला तेव्हा त्याचेच पाय जड झाले होते.

तरी निघाला. यवतमाळच्या स्टँडवर उतरून थेट शहजादच्या दुकानासमोरच्या टपरीवर जाऊन बसला. एक चहा, दुसरा चहा. आडोशाला म्हणून रस्त्यावर उभ्या ऑटोच्या मागं मान खाली घालून बसायचा, पण खोकला कुठं लपतो? शहजाद दुकानातून उठून थेट रस्ता ओलांडून आला.

"चाचा, इथं काहून बसले? आत या."

आत गेल्यावर शहजादच्या बायकोनं पाणी आणून दिलं. त्याचं लग्न हिवाळ्यात झालेलं होतं. दुसऱ्या कोणाचाही शक तिथंच विरला असता. जलालनं मनात म्हटलं, लग्न झालेल्यांचं तरी काय सांगावं.

"माही पोरगी येते का इथं?"

"एकदा आलती," शहजाद म्हणाला. "गादीले टाके घालायचं दाभण नेलं, जाड सूत नेलं. जुन्या गादीचा कापूस हातानं मोकळा करताना तुटू नये म्हणून काय करावं, हे विचारत होती. मी म्हटलं, तुह्या अब्बाले विचार, माह्यापेक्षा त्यायले जास्त येते. तर म्हणे, अब्बाले सांगसान तर पाहा." तो हसला. "आता तुम्हीच आले म्हणून सांगतलं. मंग ते कायचं काम होतं, मले काही समजलं नाही."

जलाल पाण्याचा पेला अर्धाच ठेवून उठला. दाभण, सूत, सावर आणि बापाला सांगू नका. कापसाचं काम करून राह्यली ही. पण कोणासाठी? कोणाच्या घरी जाते, कोण हिला राबवून घेतं? हॉस्टेलची फी तर आपण भरतो, मग हिला कसली गरज? ऑटोत बसला तरी डोक्यात मशीन चालूच. पोरगी कोणाच्या नादाला लागली इतकाच आता प्रश्न उरला होता आणि तो तिला धरून आणल्यावर सुटणार होता.

हॉस्टेलच्या फाटकावर चौकीदार नव्हता, जेवायला गेला असावा. जलालनं बाजूनं फेरी मारली. मागच्या बाजूला तारेचं कुंपण होतं, एक छोटं फाटक आणि आत काटेसावरीचं भलं मोठं झाड. बोंडं तडकली होती, अंगणभर पांढरं पसरलं होतं. त्या झाडाखाली पोरी गोल करून बसल्या होत्या. मधे उसवलेल्या गाद्या. प्रत्येकीच्या मांडीवर कापसाची गाठ आणि ती बोटांनी हळूहळू सोडवायचं काम चाललेलं. सगळ्यांनी नाकातोंडाला ओढण्या बांधल्या होत्या, अगदी घट्ट. एक पोरगी उभी राहून दुसरीच्या गाठीतला खडा काढून देत होती. ती मुस्कान होती.

जलाल तारेला धरून उभाच राहिला.

फाटकाजवळच्या नळावर एक पोरगी बाटल्या भरत होती. तिनं याच्या शर्टावरचा, कानांवरचा कापूस पाहिला.

"मशीनवाले काका ना तुम्ही? रेक्टर मॅडमनं बोलावलं असन. पण आम्हाले मशीन नाही पायजे, आम्ही हातानंच करतो."

जलालनं ओळख दिली नाही. शकी माणूस अशी संधी सोडतो का? "काहून? मशीननं तर घडीभरात होते."

"घडीभरात नाहीच करायचं ना काका." ती हसली. "मी वैष्णवी. झरी जामणीकडची. फेब्रुवारीत मी खोलीतून निघणंच बंद केलतं. क्लास नाही, मेस नाही. पेपरचं नाव काढलं का छातीत धडधड व्हायचं. झोप तर नाहीच. मुस्कान माही रूममेट. सगळ्या मले समजावत होत्या, हे वाच, ते ऐक. ही एक दिवस आली आन् म्हणे, ऊठ, तुही गादी गाठी गाठी झाली, म्हणून तुले झोप येत नाही. टाके काढले, सगळा कापूस खाली ओतला आन् एक गाठ हातात देली. म्हणे, सोडव. तोडायची नाही, वढायची नाही, सोडवायची. आमच्याच वावरातला कापूस तो, घरून येताना बाबांनी भरून देलता. मी संध्याकाळपर्यंत सोडवत बसली. मंग आपोआप बोलाले लागली. मुस्कान काही विचारेच ना, नुसती बाजूले बसून सोडवत होती."

"आन् झोप?"

"आली ना. त्यानंच सगळं बरं झालं असं नाही काका. मुस्काननंच मले दवाखान्यातल्या समुपदेशनवाल्या मॅडमकडे नेलं, अजून बी जातो मी. पण बोलायची सुरुवात इथं झाली. मंग बाकीच्या पोरी आल्या. प्रत्येकीच्या गादीत गाठी, प्रत्येकीच्या डोक्यात गाठी. दुपारी बसतो, मंग अभ्यासाले जातो. सावर गोळा करून उश्या भरल्या. मुस्कान म्हणते, बी.एस्सी. झाली का समुपदेशनाचंच शिकणार. तिले आता समजलं म्हणे, आपल्याले काय करायचं ते."

जलालला हे सगळं पटत होतं आणि पटलं म्हणूनच त्यानं शेवटचा खडा टाकून पाहिला. "मंग घरी काहून लपवते?" आणि सारवासारव करत म्हणाला, "म्हणजे, अशी पोरगी घरी सांगत असन ना?"

वैष्णवीनं बाटलीचं झाकण लावलं. "तिचे अब्बा गादीवाले आहेत. कापसाले हात लावला असं समजलं तर त्यायचा जीव जाईन, म्हणते. त्यायच्या खोकल्यापायीच तर आम्हाले नाकं बांधायले लावते." मग जरा थांबून म्हणाली, "दिवाळीत तिचीच हालत माह्यापेक्षा खराब होती काका. तिले जगायचाच कंटाळा आलता. घरी सांगाले म्हणूनच गेलती, पण नाही सांगता आलं. तिचे अब्बा आधी चौकशी करतात, मंग विचारतात."

जलाल फाटकाशेजारच्या दगडावर बसला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. तो खोकला झाडाखाली पोचला. तिकडे एक पोरगी ताठ झाली. ती पळतच आली आणि फाटकाशी येऊन थबकली. केसांत पांढरं, हात कोपरापर्यंत पांढरे. वैष्णवीनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं, तिचं तोंड उतरलं आणि बाटल्या उचलून ती निघून गेली.

मुस्काननं ओढणी तोंडावरून खाली केली. हात लपवले नाहीत.

"अब्बा, खरं सांगा. कायले आले?"

मशीनचा पट्टा घ्यायला आलो, हे उत्तर त्यानं बसमध्येच तयार करून ठेवलं होतं. ते ओठांपर्यंत आलंही.

"तुले घरी न्यायले आलतो," तो म्हणाला. "तुह्यावर शक आलता मले. शहजादच्या दुकानी जाते असं वाटलं."

ती चिडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. तिनं नुसती मान हलवली, जणू हे तिला ठाऊकच होतं.

"आता काय वाटते?"

"आता काही नाही. शिक तू. बस इथंच, कर हे. नाक बांधून कर."

"दिवाळीतही तुम्हाले काहीतरी वाटलंच होतं," मुस्कान म्हणाली. "एका सकाळी तुम्ही माह्या उशीखालून फोन काढला. मी झोपली नोती अब्बा. डोळे मिटून पडली होती. मले वाटलं, पाहू द्या, पाहून झालं का मले उठवतीन, विचारतीन, बेटा, रातभर काहून रडत होती? मी सगळं सांगणार होती. तुम्हाले फोनमध्ये काही सापडलं नाही. तुम्ही फोन ठेवला आन् चालले गेले."

हे जलालनं कोणालाच सांगितलं नव्हतं, हुस्नाबीलाही नाही. त्या सकाळी त्याला उलट हायसं वाटलं होतं. काही निघालं नाही, म्हणजे पोरगी चांगली आहे. दुकानात गेला, पोटभर न्याहारी केली, दिवसभर खुशीत मशीन चालवलं. आणि घरात पोरगी डोळे मिटून पडलेली. मरायचं मनात आलेली आपली पोरगी हाताच्या अंतरावर होती आणि आपण तिच्या फोनात पोरगा शोधत होतो. त्याला स्वतःची एवढी घृणा आली की मान वर करवेना.

तो म्हणाला, "आता विचारू?"

मुस्काननं मागं वळून झाडाकडं पाहिलं. पोरी काम थांबवून इकडंच बघत होत्या.

"आता नको. गाद्या उसवून ठेवल्या आहेत, संध्याकाळच्या आत भराव्या लागतीन, नाहीतर पोरी झोपतीन कुठी? पेपर झाले का मी घरी येतो. तवा विचारा."

"सांगशील?"

"तुम्ही विचारून तर पाहा," ती म्हणाली आणि ओढणी नाकाला बांधत परत गेली.

जलाल स्टँडपर्यंत चालतच गेला. नेरच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. गाडी शहराबाहेर पडली तसा तो ओठांतल्या ओठांत म्हणून पाहू लागला, बेटा, काहून रडत होती. पहिल्यांदा म्हटलं ते त्याला पोलिसानं विचारल्यासारखं वाटलं. आवाज खाली आणून म्हटलं, तर त्यात धाक आला. 'काहून' काढून टाकला, 'बेटा' दोनदा घातला, तरी कुठंतरी जाब राहायचाच. शेजारची बाई जरा सरकून बसली. कंडक्टरनं तिकीट देऊन सुटे पैसे परत केले तेव्हा जलालनं पहिल्यांदाच ते न तपासता खिशात घातले, कारण त्याचे ओठ हलतच होते. नेर आलं तरी तो प्रश्न त्याला जमला नव्हता, आणि पेपर संपायच्या आत तो जमवायचाच होता.